आयनीभवन म्हणजे काय? अणूतून इलेक्ट्रॉन निघतो कसा, आणि मोबाईल तो काढू शकतो का?

आज ॲप नाही, अपडेट नाही, नवा फोनही नाही. आज आपण आयनीभवन समजून घेणार आहोत. दहावीला हा शब्द आपण पाठ केला, दोन मार्क मिळवले आणि विसरून गेलो. मीही विसरलो होतो. तो मला परत आठवला आमच्या शेतातल्या निंबाच्या झाडामुळे.

मी मूळचा धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्याचा. इंजिनिअरिंग जळगावला केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये गावी गेलो होतो. दुपारी चारच्या सुमाराला सातपुड्याकडून आभाळ भरून आलं. माझ्या फोनवर दामिनी ॲपचा इशारा वाजला: जवळपास वीज पडण्याची शक्यता. काका शेतात होते. त्यांना तीन वेळा फोन लावला, तिन्ही वेळा स्विच ऑफ.

नंतर कळलं की गडगडाट ऐकताच काकांनी सगळ्यात आधी मोबाईल बंद केला होता. ‘मोबाईल चालू असला की वीज अंगावर येते’ असा फॉरवर्ड आमच्या फॅमिली ग्रुपवर दरवर्षी फिरतो. फोन बंद केल्यावर त्यांनी बैलजोडी निंबाखाली बांधली आणि ते पत्र्याच्या शेडकडे निघाले. वीज निंबावर पडली. काका पंधरा-वीस पावलं लांब होते, खाली पडले, चार दिवस कानात आवाज येत राहिला, पण वाचले. एक बैल जागेवर गेला. त्या वर्षी पोळ्याला आमच्या दारात एकच बैल होता.

त्याच महिन्यात गावात मोबाईल टॉवरवरून ग्रामसभा झाली. टॉवरने कॅन्सर होतो म्हणून विरोध. मला उभं केलं, ‘तू इंजिनिअर ना, सांग.’ मी म्हणालो, ‘काही होत नाही.’ मागून एका आजोबांनी विचारलं, ‘मंग काबर व्हत नही, ते सांग ना भो!’ आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा लेख म्हणजे त्या आजोबांना द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. गंमत म्हणजे निंबावरची वीज आणि टॉवरचं रेडिएशन, दोन्हीचं उत्तर एकाच शब्दात आहे: आयनीभवन.

आयन म्हणजे काय?

अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं. त्यात धन प्रभार असलेले प्रोटॉन असतात. बाहेर ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉन असतात. साध्या अणूत दोघांची संख्या सारखी, म्हणून हिशोब शून्य. अणू उदासीन.

आता यातला एक इलेक्ट्रॉन काढून घेतला तर प्रोटॉन एकाने जास्त होतात आणि अणूवर धन प्रभार येतो. हा झाला धन आयन. बाहेरून एक इलेक्ट्रॉन येऊन चिकटला तर ऋण आयन. अणू किंवा रेणू असा प्रभारित होण्याच्या क्रियेला आयनीभवन म्हणतात. लक्षात ठेवा, या क्रियेत केंद्रकाला कुणी हात लावत नाही. सोडियमचा आयन झाला तरी तो सोडियमच राहतो.

‘आयन’ हा शब्द मायकेल फॅरेडे यांनी १८३४ मध्ये वापरात आणला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जाणारा’. द्रावणात वीज सोडली की काहीतरी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातं, एवढं त्यांना दिसत होतं. नेमकं काय कमी-जास्त होतं ते कळायला जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधावा लागला.

इलेक्ट्रॉन फुकट सुटत नाही

केंद्रक इलेक्ट्रॉनला ओढून धरतं. त्याला सोडवायला ऊर्जा मोजावी लागते. वायुरूपातल्या एकट्या अणूतला सगळ्यात सैल इलेक्ट्रॉन काढायला लागणारी किमान ऊर्जा म्हणजे आयनीभवन ऊर्जा. ती इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजतात. एका इलेक्ट्रॉनने एक व्होल्टचा फरक पार केला की त्याला मिळणारी ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हे माप फार छोटं आहे, पण अणूच्या बाजारात हेच चलन चालतं.

काही भाव बघा:

- सिझियम: ३.९ (मूलद्रव्यांत जवळपास सगळ्यात स्वस्त)
- पोटॅशियम: ४.३
- सोडियम: ५.१
- लिथियम: ५.४
- सोनं: ९.२
- ऑक्सिजनचा रेणू: १२.१
- पाण्याचा रेणू: १२.६
- हायड्रोजन: १३.६
- नायट्रोजनचा रेणू: १५.६
- हेलियम: २४.६ (सगळ्यात महाग)

भाव कमी-जास्त का? दोन कारणं मुख्य. पहिलं अंतर: बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून जितका लांब तितकी पकड सैल. दुसरं आडोसा: आतल्या कवचांतले इलेक्ट्रॉन मध्ये उभे राहतात आणि केंद्रकाची ओढ बाहेर कमी पोचते. सोडियमच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन आहे आणि त्याच्या आत दहा इलेक्ट्रॉनांचा आडोसा आहे, म्हणून तो ५.१ मध्ये सुटतो. पण दुसरा काढायला जा, भाव एकदम ४७.३ वर! कारण तो आतल्या भरलेल्या कवचातला आहे. म्हणूनच सोडियम एकच इलेक्ट्रॉन देतो, दुसरा कधी देत नाही.

आयनीभवन होतं कसं? चार वाटा

पहिली वाट: देवाणघेवाण. ही रसायनशास्त्राची वाट. सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायला ५.१ लागतात. क्लोरीनला तो घेताना ३.६ मिळतात. म्हणजे व्यवहारात दीडची तूट! मग मीठ बनतं कसं? एकदा धन सोडियम आणि ऋण क्लोराइड तयार झाले की ते एकमेकांना जोरात खेचतात आणि त्यातून सुटणारी ऊर्जा ही तूट भरून काढून वर भरपूर उरते. दोन्ही अणू स्वतंत्रपणे नफ्यात नसतात, जोडी नफ्यात असते.

इथे एक चूक बरेच जण करतात. मीठ पाण्यात टाकलं की आयन ‘बनतात’ असं लिहितात. नाही. मिठाच्या खड्यात ते आधीपासूनच आयन असतात, पाणी त्यांना फक्त वेगळं करतं. याला विचरण म्हणतात. याउलट हायड्रोजन क्लोराइड वायू पाण्यात गेला की त्याचे आयन खरोखर तिथेच बनतात. परीक्षेत हा फरक लिहिलात तर मास्तर खूश.

दुसरी वाट: धडक आणि उष्णता. वायू तापवला की कण जोरात पळतात, एकमेकांवर आपटतात आणि धडकेत इलेक्ट्रॉन उडतो. अशा आयन आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या मिश्रणाला प्लाझ्मा म्हणतात. कोणत्या तापमानाला आणि दाबाला किती अणू आयन होतील याचं गणित १९२० मध्ये आपल्या मेघनाद साहांनी मांडलं. त्यांच्या समीकरणामुळे ताऱ्याच्या प्रकाशावरून ताऱ्याचं तापमान काढता येऊ लागलं. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंश सेल्सिअस, पण तिथेही दहा हजार हायड्रोजन अणूंमागे एखादाच आयन असतो. नुसत्या उष्णतेने आयनीभवन करणं किती जड आहे ते यावरून कळेल. आपला जळगावचा मे महिना कितीही तापला तरी तेवढ्याने हवेचा प्लाझ्मा होत नाही!

तिसरी वाट: विद्युत क्षेत्र. हवेत कुठेतरी एखादा मोकळा इलेक्ट्रॉन असतोच, अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे. तिथे जोरदार विद्युत दाब लावला तर तो इलेक्ट्रॉन पळत सुटतो आणि समोरच्या रेणूवर आदळून आणखी एक इलेक्ट्रॉन काढतो. आता दोन. दोनाचे चार, चाराचे आठ. डोंगरावरून एक दगड सुटावा आणि त्याने दहा दगड घेऊन खाली यावं तसं. कोरड्या हवेत मीटरला साधारण ३० लाख व्होल्ट झाले की हवा, जी एरवी वीज वाहत नाही, ती तारेसारखी वाहू लागते. ट्यूबलाइट हीच, ठिणगी हीच आणि आकाशातली वीजही हीच.

चौथी वाट: प्रकाश आणि किरण. प्रकाश सुट्या पुडक्यांत येतो. एका पुडक्याला फोटॉन म्हणतात. एका फोटॉनकडे पुरेशी ऊर्जा असेल तर तो एका फटक्यात इलेक्ट्रॉन बाहेर काढतो. ग्रामसभेतल्या प्रश्नाचं उत्तर याच वाटेवर आहे.

मग टॉवरचं रेडिएशन काय करतं?

फोटॉनची ऊर्जा त्याच्या वारंवारतेवर ठरते. लहर जितकी जलद तितका फोटॉन दमदार. आता आकडे बघा, सगळे इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये:

- ५जी, ३.५ गिगाहर्ट्झ: ०.००००१४
- लाल प्रकाश: सुमारे १.८
- जांभळा प्रकाश: सुमारे ३.१
- पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला: १२.६
- दवाखान्यातला एक्स-रे: हजारोंमध्ये, साधारण २०,००० ते दीड लाख
- कोबाल्ट-६० चे गॅमा किरण: ११.७ लाख आणि १३.३ लाख

५जीचा एक फोटॉन पाण्यातला इलेक्ट्रॉन काढायला लागतो त्यापेक्षा सुमारे पावणेनऊ लाख पट दुबळा आहे. टॉवरपेक्षा घरातल्या एलईडी बल्बचा एकेक फोटॉन लाखाहून जास्त पट दमदार असतो, आणि तोही तुमच्या अंगातल्या अणूंचं आयनीभवन करत नाही.

‘पण टॉवरमधून असे अब्जावधी फोटॉन येतात, सगळे मिळून करतील की!’ हा प्रश्न बरोबर आहे, मलाही पडला होता. समजा झाडावर कैरी आहे. तुम्ही तिच्यावर ज्वारीचे दाणे फेकताय. एक पोतं फेका, दहा पोती फेका, दिवसभर फेका. कैरी पडणार नाही. कारण प्रत्येक दाणा एकटाच येऊन आपटतो आणि त्याच्यात देठ तोडायची ताकद नसते. एक दगड मारा, कैरी खाली. एक्स-रे आणि गॅमा म्हणजे दगड. मोबाईल, वाय-फाय, रेडिओ म्हणजे ज्वारीचे दाणे. प्रयोगशाळेतल्या अतितीव्र लेझरमध्ये अनेक फोटॉन एकाच क्षणी एकाच अणूवर पडून आयनीभवन करू शकतात, पण टॉवरच्या लहरी त्या तीव्रतेच्या आसपासही नसतात.

म्हणून रेडिएशनचे दोन गट आहेत: आयनीभवन करणारं आणि न करणारं. पहिलं आपल्या पेशीतल्या डीएनएचे बंध तोडू शकतं, म्हणून त्याचा कॅन्सरशी संबंध आहे. दुसऱ्या गटातल्या मोबाईल लहरींचा ठाऊक असलेला परिणाम म्हणजे थोडी उष्णता. म्हणून त्यावरची मर्यादा उष्णतेच्या हिशोबाने ठरवतात.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०११ मध्ये मोबाईल लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवलं. फॉरवर्डमध्ये हे नेहमी येतं. या गटाचा अर्थ ‘पुरावा मर्यादित आहे, अभ्यास चालू ठेवा’ असा आहे, ‘कॅन्सर होतो’ असा नाही. भारताने काळजी म्हणून १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश एवढीच मर्यादा लागू केली. हँडसेटसाठी मर्यादा आहे किलोला १.६ वॉट. तुमच्या फोनचा आकडा बघायचा तर *#०७# डायल करा, बऱ्याच फोनवर लगेच दिसतो.

आणि एक उलटी गोष्ट. टॉवर लांब असला की रेंज पकडायला तुमचा फोन जास्त ताकद लावतो. म्हणजे कानाला लागलेला फोन जास्त लहरी सोडतो. टॉवर गावाबाहेर हाकलून तुम्ही डोक्याजवळची मात्रा वाढवता.

मोबाईल वीज खेचतो का?

आता निंबाकडे परत येऊ. ढगात प्रभार साठतो, विद्युत क्षेत्र वाढतं आणि तिसऱ्या वाटेने हवेचं आयनीभवन सुरू होतं. ढगातून आयनीभूत हवेची एक वाट साधारण पन्नास-पन्नास मीटरच्या टप्प्यांनी खाली उतरते. ती जमिनीजवळ आली की झाड, खांब, उभा माणूस अशा उंच वस्तूंमधून वर उलट्या ठिणग्या निघतात. दोन्ही भेटल्या की वाट पूर्ण होते आणि साधारण ३०,००० अँपिअरचा प्रवाह धावतो. त्या वाटेतली हवा सुमारे ३०,००० अंशांपर्यंत तापते, सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा पाचपट. ती हवा फुगून फुटते तोच गडगडाट.

विजेला हवी असते आयनीभूत हवेची वाट आणि उंच टोक. मोबाईलच्या लहरी हवेचं आयनीभवन करू शकत नाहीत हे आपण आत्ताच आकड्यांत बघितलं. मग त्या विजेला वाट कशी करून देणार? खिशातला फोन वीज खेचत नाही. काकांनी बंद केला तो फोन, ज्यावर इशारा येणार होता. आणि बैल बांधले ते झाडाखाली, जिथे वीज येणार होती. भीती चुकीच्या वस्तूची होती.

हो, चार्जरला लावलेला फोन वेगळा. तिथे धोका तारेचा आहे, लहरींचा नाही. तारेतून वीज घरात येते, म्हणून गडगडाट असताना चार्जिंगला लावून बोलू नका.

बैल गेला आणि काका वाचले, हे का झालं? झाडावर पडलेली वीज जमिनीत पसरते. झाडापासून जसजसं लांब जावं तसा जमिनीतला व्होल्टेज कमी होत जातो. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीडेक मीटर अंतर असतं. त्या दोन जागांच्या व्होल्टेजमध्ये मोठा फरक पडतो आणि प्रवाह एका पायातून वर चढून छातीतून दुसऱ्या पायात उतरतो. माणसाचे पाय जवळ असतात, शिवाय काका लांब होते. झाडाखाली गुरं दगावल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो, त्यामागे हेच कारण असतं.

म्हणून एवढं करा:

- पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप टाका. ते तुमच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या घेऱ्यातल्या विजा दाखवतं. लोकेशन आणि नोटिफिकेशन चालू ठेवा, नाहीतर उपयोग नाही.
- वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा. तेवढे किलोमीटर वीज लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर लगेच पक्क्या घरात जा. चारचाकी गाडीत काचा लावून बसलात तरी चालेल.
- एकट्या झाडाखाली, खांबाजवळ, विहिरीच्या लोखंडी रहाटाजवळ थांबू नका. गुरंही झाडाला बांधू नका.
- उघड्यावर अडकलात तर दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे झोपू नका.
- वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला हात लावता येतो. श्वास बंद असेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन लावा.

आपल्याच भागात आयनीभवन कामाला लावलंय

दीपनगर. भुसावळजवळच्या औष्णिक वीज केंद्रात कॉलेजची इंडस्ट्रियल व्हिजिट गेली होती. आपल्याकडच्या कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख असते. ती सगळी धुराड्यातून गेली तर आजूबाजूच्या गावांची काय गत होईल? म्हणून धूर आधी स्थिरविद्युत धूळसंग्राहकातून नेतात. आत बारीक तारांवर हजारो व्होल्टचा ऋण दाब असतो. तारेजवळच्या वायूचं आयनीभवन होतं, ऋण आयन राखेच्या कणांना चिकटतात आणि प्रभारित झालेली राख समोरच्या पत्र्यांकडे खेचली जाते. पत्र्यांवर हातोडे ठोकून ती खाली पाडतात. यंत्रणा नीट चालली तर ९९ टक्क्यांहून जास्त राख अडते. हीच राख पुढे सिमेंट आणि विटांमध्ये जाते. त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीची वाट बघत होतो. आज वाटतं, नीट बघायला हवं होतं.

लासलगाव. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं ‘कृषक’ केंद्र आहे. तिथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याच्या कोंबातल्या वाढत्या पेशींमध्ये आयनीभवन करतात, त्यामुळे कोंब फुटत नाहीत. २००७ मध्ये भारतीय आंबा परत अमेरिकेला जाऊ लागला तो इथल्या प्रक्रियेमुळे. कांदा किरणोत्सारी होतो का? नाही. हे किरण इलेक्ट्रॉन उडवतात, पण कांद्यातल्या अणूंचं केंद्रक बदलायला त्यांची ऊर्जा पुरत नाही.

साक्री. साक्री तालुक्यात १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. तिथेही प्रकाश इलेक्ट्रॉन मोकळा करतो, पण हे आयनीभवन नाही. सिलिकॉनमध्ये १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळाले की इलेक्ट्रॉन स्फटिकाच्या आत फिरायला मोकळा होतो, स्फटिकाबाहेर जात नाही. घरातल्या घरात मोकळा होणं वेगळं आणि घर सोडणं वेगळं.

तुमचा खिसा. लिथियम-आयन बॅटरीचं नावच आयन आहे. फोन वापरता तेव्हा लिथियमचा अणू ग्राफाइटच्या बाजूला आपला इलेक्ट्रॉन सोडतो. आयन बॅटरीच्या आतून पलीकडे जातो. इलेक्ट्रॉनला आतून वाट नसते, म्हणून तो बाहेरच्या वाटेने, म्हणजे तुमच्या प्रोसेसर आणि स्क्रीनमधून फिरून जातो. तुमचं रील त्या फेऱ्यावर चालतं. चार्जिंग म्हणजे दोघांना परत जागेवर आणणं. उष्णतेत आतल्या नको त्या रासायनिक क्रिया वाढतात, म्हणून मे महिन्यात फोन उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एक्स-रे आयनीभवन करतो, मग काढावा की नाही?
डॉक्टरांनी सांगितला तर काढावा. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा ०.१ मिलिसिव्हर्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. जमीन, हवा आणि अवकाशातून माणसाला जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे एक एक्स-रे हा फार तर दोन आठवड्यांचा नैसर्गिक डोस. गरोदर असाल तर आधी सांगा. सीटी स्कॅनची मात्रा बरीच जास्त असते, म्हणून तो स्वतःच्या मनाने करून घेऊ नका.

जळगावची केळी किरणोत्सारी असते हे खरं का?
प्रत्येक केळी किंचित असते, जळगावची काय आणि दुसरी काय. पोटॅशियमच्या दहा हजार अणूंत साधारण एक अणू किरणोत्सारी असतो. पण शरीर पोटॅशियमचं प्रमाण कायम ठेवतं, जास्तीचं बाहेर टाकतं. बिनधास्त खा. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली केळी आहे, उगाच नाही!

पोटॅशियम धातू पाण्यात पेट घेतो, मग केळीतलं का नाही?
कारण केळीत धातू नाही, पोटॅशियमचा आयन आहे. जो इलेक्ट्रॉन देण्यासाठी धातू पाण्यात एवढा धिंगाणा घालतो, तो आयनाने आधीच दिलेला असतो. त्याच्याकडे भांडायला काही उरलेलं नाही.

शुद्ध पाण्यातून वीज जात नाही, मग ओल्या हाताने शॉक का बसतो?
वीज वाहून नेतात ते पाण्यातले आयन. शुद्ध पाण्यात ते फार थोडे असतात. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर आणि घामात मीठ, म्हणून प्रवाह सहज जातो. फोनला घामाचा किंवा खाऱ्या पाण्याचा त्रास जास्त होतो तोही याच कारणाने.

थोडक्यात

अणूतून इलेक्ट्रॉन निघाला किंवा त्यात आला की आयन. त्यासाठी ठरलेली ऊर्जा लागते, आणि किरणांच्या बाबतीत ती एका फोटॉनकडे असावी लागते. एक्स-रेकडे आहे, गॅमाकडे आहे. विजेकडे दुसऱ्या वाटेने आहे. तुमच्या मोबाईलकडे नाही.

यापुढे रेडिएशनचा फॉरवर्ड आला की आधी एकच प्रश्न विचारा: याची वारंवारता किती? उत्तर मेगाहर्ट्झ-गिगाहर्ट्झमध्ये असेल तर ते ज्वारीचे दाणे आहेत.

काकांच्या फोनमध्ये आता दामिनी आहे. गडगडाट झाला की ते फोन बंद करत नाहीत, बैल सोडतात आणि गोठ्याकडे निघतात. टॉवरविरोधातला ठराव अजून तसाच आहे, रेंजसाठी लोक अजून गच्चीवर चढतात. पुढच्या ग्रामसभेला मी जाणार आहे. आजोबांना सांगायला या वेळी माझ्याकडे कैरीचं उदाहरण आहे. तुमच्या गावातही असे आजोबा असतील, त्यांना हे समजावून सांगा.